घड्याळाशेजारचा भोंगा

आमच्या वसतिगृहात बादली हलवायची नसते. न्हाणीघरात शिरल्यावर डाव्या हाताला भिंतीला चिकटून बादली, तिच्यात तांब्या, हे ठरलेलं. दारामागे केरसुणी, तिच्या शेजारी सुपली. खुर्चीवरून उठलं की खुर्ची टेबलाखाली सारायची. दार एकतर पूर्ण उघडं, नाहीतर पूर्ण बंद. अर्धवट दार म्हणजे कुणाच्या तरी कपाळाला टेंगूळ. हे नियम भिंतीवर लिहिलेले नाहीत, कारण भिंतीवरचं वाचणारं तिथं कुणी राहत नाही.

सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यांच्या वस्तीत अंध मुलींचं हे वसतिगृह आहे आणि मी तिथं मावशी आहे. झाडून काढणं, लहान मुलींच्या वेण्या घालणं, ताटं वाढणं, औषधं देणं, आणि जे जे हललं ते ते परत जागेवर ठेवणं. या शेवटच्या कामाबद्दल मला नोकरीला ठेवताना कुणी बोललं नव्हतं, पण दिवसाचा निम्मा वेळ त्यातच जातो.

यंदा मुलींनी दिवाळी अंक काढायचं ठरवलं आहे. त्यांनी मलाही तुमच्या कामाबद्दल लिहा म्हणून सांगितलं. मी हसून टाळलं. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, आणि चारचौघांत दोन वाक्यं बोलायची म्हटलं तरी माझा घसा सुकतो. पण मुली शाळेला गेल्या, भांडी पालथी घातली, की दुपारी तासभर मिळतो. त्या वेळात हे लिहिते आहे. अंकाला द्यायचं की नाही ते नंतर बघू. बहुतेक नाहीच.

गप्प राहणाऱ्या माणसाची या कामात फार पंचाईत होते. डोळस माणसांच्या घरात तुम्ही कोपऱ्यात गप्प बसलात तरी तुम्ही तिथं असता. इथं बोलला नाहीत तर तुम्ही नसता, आणि मग एकदम कुणाच्या तरी पायात येता. मी नवीन होते तेव्हा अशीच एका खोलीत खाली बसून मुकाट्यानं फरशी पुसत होते. एक मोठी मुलगी नेहमीच्या पावलानं आली आणि माझ्यावर अडखळून पडली. मुलगी किंचाळली आणि तिच्यापेक्षा जास्त मी घाबरले. वसतिगृह सांभाळणाऱ्या बाईंना आम्ही रेक्टरबाई म्हणतो. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "खोलीत शिरताना नाव सांगायचं. बाहेर पडताना 'निघाले' म्हणायचं. नाहीतर पोरी रिकाम्या खोलीशी बोलत बसतात."

स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायचं मला जड जायचं. म्हणून मी बांगड्यांवर भागवलं. दोन्ही हातांत भरपूर काचेच्या बांगड्या घातल्या. जिन्यावर मी पाय ठेवला की वरच्या मजल्यावर कळायचं. पुढं पुढं तर मी घाईत आहे की रागात, हेही मुली बांगड्यांवरून ओळखायला लागल्या. "मावशी, आज कुणाशी भांडून आलाय?" असं विचारायच्या, आणि खरंच पाण्याच्या टँकरवाल्याशी माझी बोलाचाली झालेली असायची.

आमचे मालक गेले तेव्हा रीतीप्रमाणे हात रिकामे झाले. सगळं आटोपून कामावर आले, आणि पहिल्याच सकाळी जिन्याच्या वळणावर यल्लव्वा मला धडकली. अक्कलकोटकडची मुलगी, तेव्हा अगदी लहान. कपाळ चोळत म्हणाली, "कोण हाय?"

"मी, मावशी."

"मग तुमचा आवाज कुटं गेला?"

मी तिचं कपाळ चोळून दिलं. मोठ्या मुलींना मात्र न सांगता कळलं असावं. संध्याकाळी त्यांनी मला मधे बसवलं आणि बाजारातून आणलेल्या बांगड्या एकेक करून माझ्या हातात चढवल्या. माप अगदी बरोबर होतं. माझा हात धरून रोज रस्ता ओलांडणाऱ्या मुलींना मनगट किती ते सांगावं लागत नाही. सुरुवातीला मी फाटकाबाहेर पडताना त्या काढून पिशवीत ठेवायची आणि सकाळी आत येताना परत चढवायची. त्यात रोज एखाददुसरी फुटायची. मग एकदा काढायच्या राहून गेल्या आणि तशीच घरी गेले. जाऊबाई माझ्या हातांकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, "कामाच्या आहेत." पुढं त्यांनी विचारलं नाही आणि मीही काढल्या नाहीत.

ताट वाढायचीही आमच्याकडे रीत आहे. ताट म्हणजे घड्याळ समजायचं. बाराच्या जागी भात, तीनला भाजी, सहाला भाकरी, नऊला शेंगाची चटणी. मुलगी हात लावायच्या आधीच कुठं काय आहे ते तिला माहीत असतं. चटणी संपलेली असली की रेणुका नावाची एक मुलगी हमखास म्हणायची, "मावशी, आज नऊ वाजलेच नाहीत वाटतं."

आता पाहुण्यांबद्दल सांगते. आमच्याकडे लोक वाढदिवस करायला येतात. मुलाचा पहिला वाढदिवस, वडिलांची पंच्याहत्तरी. चांगली माणसं असतात. जिलेबी आणतात, मुलींच्या डोक्यावरून हात फिरवतात, छोटंसं भाषण करतात. पण डोळस माणसाला वस्तू हलवल्याशिवाय राहवत नाही. हात धुवायला बादली घेतात आणि ठेवतात दुसरीकडेच. खुर्च्या ओळीत लावतात आणि तशाच सोडून जातात. एकदा एका बाईंनी प्रेमानं मुलींच्या चपलांचं कपाट आवरून दिलं. मोठ्या वर, लहान खाली, फार सुंदर दिसत होतं. दुसऱ्या दिवशी निम्म्या मुली एकमेकींच्या चपला घालून शाळेला गेल्या. म्हणून पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली, की मी हॉलपासून न्हाणीघरापर्यंत एक फेरी मारते आणि सगळं जागेवर आणते. मुली जेवताना दमून हसत असतात आणि मी बादली शोधत फिरत असते.

हॉलच्या टोकाला एक कॉम्प्युटर आहे. तो बोलका आहे. म्हणजे पडद्यावर जे येईल ते तो वाचून दाखवतो, अक्षर दाबलं की त्या अक्षराचं नाव घेतो. मुली सगळं बोटांनी आणि कानांनी करतात. माऊसला तर कुणी हातही लावत नाही. कीबोर्डवरची बरीचशी अक्षरं बोटांनी झिजून पुसट झाली होती, आणि हे मी सोडून कुणाच्याच लक्षात आलेलं नव्हतं, कारण रोज फडकं मी मारते. कॉम्प्युटर शिकवायला इनामदार सर येतात. त्यांची सगळ्यात तरबेज मुलगी म्हणजे ही चटणीवाली रेणुका.

रेणुका सांगोल्याकडची. लहानपणी तापात तिचे डोळे गेले. आमच्याकडे राहून बारावी झाली. आवाज असा की ऐकणाऱ्यानं दोन मिनिटं जास्त थांबावं. शहरातल्या एका दवाखान्याला फोनवर पेशंटना वेळ देणारं माणूस हवं होतं. फोन घ्यायचा, नाव कॉम्प्युटरमध्ये घालायचं, कोणत्या दिवशी किती वाजता यायचं ते सांगायचं. दवाखान्याच्या मॅडम म्हणाल्या, मी तिथं येऊन तिचं काम बघते, मग ठरवू. अकरा वाजताची वेळ ठरली.

त्याच सकाळी रेणुकाचे वडील एसटीनं आले. डोक्याला पटका, हातात काठी, शेरडं राखणारा माणूस. बोलणं आधीच झालेलं होतं. मॅडमनी हो म्हटलं तर रेणुका सोलापुरात राहणार. नाही म्हटलं तर त्याच दिवशी वडिलांबरोबर गावी परत. तिची पेटी दोरीनं बांधून दाराशी ठेवलेली होती. वडील वाईट नव्हते. मी चहा दिला तेव्हा म्हणाले, "लई शिकवलंत तुमी. पर आता पुरं. शहरगावात आंधळी पोर एकली कशी ऱ्हाणार? घरी निदान माझ्या नजरंम्होरं तरी ऱ्हाईल."

रेक्टरबाई सकाळीच सरकारी ऑफिसात गेल्या होत्या आणि येताना मॅडमना रिक्षातून घेऊन येणार होत्या. बाकीच्या मुली शाळेत. इमारतीत आम्ही तिघंच, मी, रेणुका आणि बाकावर बसलेले तिचे वडील. रेणुका म्हणाली, मी थोडा सराव करते. ती कॉम्प्युटरपुढे बसली, बटण दाबलं, थांबली. अजून थांबली. मग म्हणाली, "मावशी, हा चालू आहे का?"

पडद्यावर उजेड होता. मी म्हटलं, "चालू आहे."

"मग बोलत का नाही?"

तिनं स्पीकरचं, म्हणजे आवाजाच्या डब्याचं, बटण पूर्ण फिरवलं. वायर चाचपली, मागची पिन काढून तिच्या टोकाला बोट लावलं. डबा घुर्र बोलला. "डबा जिवंत आहे," ती म्हणाली. कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. तरी मुका. तिची बोटं कीबोर्डवर नुसती पडून राहिली. बोलक्या कॉम्प्युटरचा आवाज गेला म्हणजे आमच्या मुलींच्या दृष्टीनं पडदा काळा झाल्यासारखं आहे. डोळस माणसाला पुढं पडदा असतो. तिला पुढं काहीच नव्हतं.

तेव्हा मला आदल्या दिवसाची आठवण झाली. एक वाढदिवस झाला होता. भाषण चालू असताना कुणीतरी मुलगी कॉम्प्युटरवर बसलेली होती आणि तो मधे मधे बोलत होता. पाहुण्यांतला एक तरुण मुलगा हसून म्हणाला, "याची बडबड जरा बंद करतो," आणि तिथं बराच वेळ काहीतरी आवरत बसला होता. मी जिलेबी वाढत होते. नंतरच्या फेरीत मी बादली जागेवर ठेवली, खुर्च्या ठेवल्या. कॉम्प्युटरच्या आतही वस्तू असतात आणि त्याही कुणी हलवू शकतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

ऑफिसातल्या बटणांच्या मोबाईलवरून रेणुकानं इनामदार सरांना फोन लावला. ते एका लग्नाला निघालेले, मोडनिंबच्या बाजूला बसमध्ये होते. तिनं फोन मोठ्या आवाजावर ठेवून टेबलावर ठेवला.

"घाबरू नको," सर म्हणाले. "कुणीतरी आतून आवाज बंद केलाय. घड्याळाशेजारी भोंग्याचं छोटं चित्र असतं. त्याच्यावर माऊसनं क्लिक केलं की काम झालं. तिथं डोळस कोण आहे?"

"मावशी आहेत," रेणुका म्हणाली.

"मावशी, सांगा बघू, घड्याळाशेजारी काय दिसतंय?"

मी पडद्याकडे बघितलं. सगळी चित्रंच चित्रं. फोनवर एका पुरुषमाणसाला उत्तर द्यायचं आणि तेही जे कळत नाही त्याबद्दल. रेणुका हळूच म्हणाली, "मावशी, पडदा म्हणजे ताट समजा. घड्याळ कितीच्या जागी आहे?"

ताट म्हटल्यावर मला दिसायला लागलं. "चार आणि पाचच्या मधे," मी म्हटलं. "आकडे आहेत, वेळ आहे. त्याच्या डावीकडे छत्रीसारखं काहीतरी आहे. त्याच्या डावीकडे टोक वर केलेला बाण."

"भोंगा?"

"भोंगा नाही."

"बाणावर दाबा. आत लपलेला असेल."

माऊस मी रोज पुसते, पण चालवला कधी नव्हता. पडद्यावरचं टोक माझ्या हाताला घाबरून पळत होतं. कसंबसं दाबलं. दोन-तीन चित्रं उघडली, पण भोंगा त्यांतही नव्हता.

सर म्हणाले, "अरे, मग चित्रच काढून टाकलंय त्यानं. ते आधी परत आणावं लागेल. नीट ऐका. खालच्या पट्टीवर मोकळ्या जागी माऊसचं उजवं बटण. एक यादी वर येईल. तिच्यात सगळ्यात खाली टास्कबार सेटिंग, चाकाचं चित्र. ते उघडलं की खाली खाली जायचं, निळ्या अक्षरात टर्न सिस्टिम आयकॉन्स असं येईल. त्याच्यात व्हॉल्यूम. व्हॉल्यूमच्या पुढचं बटण..." आणि रेंज गेली. परत लावला, लागला नाही.

"असू दे," रेणुका म्हणाली. "सगळं पाठ झालंय माझं." एकदा कानावर पडलेलं तिच्या डोक्यातून जात नाही. पण पाठ असून उपयोग काय? तिला माहीत होतं कुठं जायचं आणि रस्ता दिसत नव्हता. मला रस्ता दिसत होता आणि पाट्या वाचता येत नव्हत्या. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं.

बाकावरून वडील म्हणाले, "गप हाय त्येच बरं की. यष्टीत बी समदी बडबडतच हुती."

"आबा, थांबा जरा," रेणुका म्हणाली.

चाकाचं चित्र मला सापडलं. दाबल्यावर पांढरं पान उघडलं, अक्षरांनी भरलेलं. खाली खाली गेले. निळ्या ओळी दोन होत्या. "कुठली गं?" मी विचारलं.

"टीवरून सुरू होणारी."

"टी कसा असतो?"

रेणुकानं कीबोर्डवरच्या टीवर बोट ठेवलं. मी वाकून बघितलं, तर ते अक्षर पार पुसलेलं. तसं मी तिला सांगितलं. मग तिनं माझा तळहात ओढून घेतला आणि त्यावर बोटानं एक उभी रेघ काढली, तिच्या डोक्यावर एक आडवी. "असा. पहिलीत शिकवला होता. टीपर्यंत आलो होतो, मग मला ताप आला."

उभा खांब, वर आडवी तुळई. मी पडद्याला नाक लावलं. दुसऱ्या निळ्या ओळीचं पहिलंच अक्षर तसं होतं. दाबलं. नवीन यादी आली, प्रत्येक ओळीत एक शब्द आणि त्याच्या पुढं एक लांबट गोळी. काही गोळ्या निळ्या, काही नुसत्या रिकाम्या.

"आता व्हॉल्यूम. व्हीवरून," ती म्हणाली. "पण व्ही मला काढता येत नाही. तिथपर्यंत डोळ्यांची शाळा झालीच नाही माझी. बघा, या कीवर आहे का?" तिनं दुसऱ्या एका कीवर बोट टेकवलं. मी तिचं बोट जरा सरकवलं. हे अक्षर शाबूत होतं. कमी वापरातलं असावं. खाली टोक आणि वर दोन फाटे.

पण ही यादी फिकट होती आणि अक्षरं मुंग्यांएवढी. जवळ जाऊन बघितलं तर धूसर, लांबून बघितलं तर बारीक. चष्मा पुसला, तरी तेच. चुकीची गोळी दाबली आणि अजून काही बंद झालं तर? घड्याळात अकराला थोडाच वेळ होता. मी म्हटलं, "मला दिसत नाही गं."

तरी रेणुकानं बोट त्या कीवरून उचललं नाही.

मग मी आयुष्यात पहिल्यांदा एका अनोळखी पुरुषाला हाक मारली. "दादा, जरा येऊन बघता का?"

"मी?" ते म्हणाले. "मला इंग्रजी येत न्हाय बाई."

"आबा, वाचायचं नाही, हुडकायचंय," रेणुका म्हणाली. "माळाच्या पल्याडची शेळी कुणाची ते तुम्हाला हितनं कळतं. माझ्या बोटाखालचं अक्षर बघा. तसंच अक्षर पडद्यावर कुठल्या ओळीच्या सुरवातीला आहे तेवढं दाखवा."

ते उठले. काठी बाकाला टेकवून ठेवली. आधी लेकीच्या बोटाकडे बघितलं. "शिंगावानी हाय," ते म्हणाले. मग सरळ उभं राहून पडद्याकडे बघायला लागले.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. रेणुकाचं बोट अजून त्या कीवरच होतं. त्यांनी 'दिसत न्हाय' एवढं म्हटलं असतं तर तिथंच सगळं संपलं असतं. मॅडम आल्या असत्या, मुका कॉम्प्युटर बघून हळहळल्या असत्या, आणि दुपारच्या गाडीनं पेटी सांगोल्याला गेली असती. कुणी त्यांना बोल लावला नसता. दाराशी दोरीनं बांधलेली पेटी तिथून दिसत होती. त्यांनी एकदा तिकडे बघितलं, परत पडद्याकडे बघितलं. बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला, फाटकाची कडी वाजली.

मग त्यांनी हात लांब केला आणि काचेवर बोट टेकवलं. "हितं."

मी टोक तिथं नेलं आणि त्या ओळीतली गोळी दाबली. गोळी निळी झाली. आणि खाली चार-पाचच्या मधे, घड्याळाशेजारी, भोंगा येऊन बसला.

"आला," मी म्हटलं. "पण रेणुका, त्याच्या पुढं फुली आहे."

"म्हणजे मुका आहे अजून. त्याच्यावर दाबा."

दाबल्यावर एक पट्टी उघडली, तिच्यातही भोंगा, त्यालाही फुली. त्या भोंग्यावर दाबलं. फुली गेली आणि कॉम्प्युटर एकदम एवढ्या मोठ्यानं बोलला की वडील दोन पावलं मागं सरले. तो आपल्या परदेशी सुरात व्हॉल्यूम, व्हॉल्यूम असं काहीतरी म्हणत होता. रेणुकानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग पदर नसल्यामुळे ओढणीनं डोळे पुसले, डब्याचं बटण बेतानं मागं फिरवलं आणि ताठ बसली. मी बाण, यादी, पान सगळं तिच्या सांगण्याप्रमाणे बंद केलं. रेक्टरबाई मॅडमना घेऊन हॉलमध्ये आल्या तेव्हा खुर्ची जागेवर होती, कीबोर्ड जागेवर होता आणि भोंगाही जागेवर होता.

मॅडमनी नावं सांगितली, रेणुकानं ती घातली. कॉम्प्युटर बोलत गेला, ती ऐकत गेली. मग मॅडम म्हणाल्या, "समजा मी पेशंट आहे आणि आजचाच नंबर पाहिजे म्हणून भांडते आहे," आणि खरंच भांडायला लागल्या. रेणुकानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काकू, दुखतंय म्हणून चिडलाय तुम्ही, मला कळतंय. आज डॉक्टर नाहीत हो. उद्या सकाळी पहिलंच नाव तुमचं लावते, चालेल?" मॅडम भांडण विसरून हसल्या. म्हणाल्या, "सोमवारपासून ये."

वडील बाकावर बसून ऐकत होते. मॅडम गेल्यावर त्यांनी पेटीजवळ बसून दोरी सोडली. गाठ घट्ट बसली होती, दातांनी सोडवावी लागली. दोरी गुंडाळून स्वतःच्या पिशवीत टाकली.

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. तिथं ते थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, त्ये शिंगाचं अक्षर मला बघताक्षणीच दिसलं हुतं. जरा दम खाल्ला."

मी म्हटलं, "हो."

"पोरीला सांगू नगा."

"नाही सांगणार."

ते गेले. म्हणूनच अंकाला द्यायचं का, याला मी वर 'बहुतेक नाहीच' असं लिहिलं. अंक मुलींच्यात मोठ्यानं वाचला जाणार आणि रेणुका तो पहिली ऐकणार.

आता ती दवाखान्याजवळ दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते आणि रविवारी आमच्याकडे जेवायला येते. वडील तिला दवाखान्याच्या फोनवर फोन करतात. त्यांना सांगितलंय की हा फोन पेशंटसाठी आहे, तर म्हणतात, "मग माझ्या शेळीला नंबर दे, पाय मुरगाळलाय तिचा." गेल्या रविवारी मी तिला म्हटलं, अंकासाठी लिहायला घेतलंय, पण देणार नाही, त्यात दुसऱ्याचं एक गुपित आहे.

भाकरी मोडता मोडता ती म्हणाली, "आबांचं ना?"

माझ्या बांगड्या तेवढ्या वाजल्या.

"मावशी, शेळी हुडकायला आबांना एवढा वेळ कधी लागत नाही," ती म्हणाली. "ते श्वास धरून उभे होते. मला ऐकू येत होतं. म्हणून तर मी बोट उचललं नाही. म्हटलं, त्यांना पाहिजे तेवढा वेळ घेऊ दे." मग ताटात हात फिरवून म्हणाली, "नऊ वाजले की आज. चटणी झकास झालीय."

तेव्हा आता द्यायला हरकत नाही, असं ती म्हणते. मी अजून ठरवलेलं नाही.

पाहुणे अजून येतात, जिलेबी आणतात, वस्तू हलवतात. ते गेल्यावर मी माझी फेरी मारते. बादली, तांब्या, खुर्च्या, दारं. आणि शेवटी कॉम्प्युटरपाशी जाऊन चार-पाचच्या मधे नजर टाकते. भोंगा असतो. फुली नसते. मग दिवा मालवते.

कधी कधी दुपारच्या या मोकळ्या वेळात मीही ऑफिसातून दवाखान्याचा नंबर लावते. काम काही नसतं. पलीकडून रेणुकाचा तो आवाज येतो, "नमस्कार, बोला, कुणाला दाखवायचंय?" आणि माझा घसा नेहमीसारखा सुकतो. ऐकून ठेवून द्यावा असंच मनात असतं. परवाही तसंच करणार होते. फोन एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"मावशी," ती म्हणाली, "बांगड्या ऐकू आल्या. आता बोला, मागं पेशंट थांबलेत."

"मी मावशी बोलतेय," मी म्हटलं.